महिन्यातील निम्मे दिवस डोके दुखते, गोळ्या घेऊनही थांबत नाही: अर्धशिशीविषयी मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न: गणवेश विभाग, जुळे सोलापूर

नमस्कार. माझे वय ३६ असून सोलापुरातील शालेय गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी आणि पॅकिंगचे काम पाहते. कॉलेजात असल्यापासून मला डोकेदुखी आहे; परंतु तेव्हा ती एक-दोन महिन्यांतून एकदा, बहुधा पाळीच्या आदल्या दिवशी होत असे आणि एक झोप काढली की थांबत असे. गेल्या दोन वर्षांत मात्र त्रास वाढत गेला आणि आता महिन्यातील निम्म्याहून अधिक दिवस डोके दुखतेच. दुखणे डाव्या कानशिलापासून सुरू होते, डोळ्याच्या मागे ठणके मारू लागते, जिना चढला किंवा वाकून गठ्ठा उचलला की वाढते, आणि त्या वेळी ट्यूबलाइटचा उजेड, ओव्हरलॉक मशीनचा आवाज किंवा गरम इस्त्रीखाली नव्या कापडाच्या खळीला सुटणारा वास यांपैकी काहीही सहन होत नाही. उलटी झाली की थोडे हलके वाटते.

मार्च ते जून हा आमचा सीझन. शाळा उघडण्याआधी माल गेला पाहिजे, म्हणून या दिवसांत सुट्टी मागणे अवघड असते. डोके जड वाटू लागले की मेडिकलमधून आणून ठेवलेली अर्धशिशीची गोळी घेते आणि कामाला उभी राहते. पूर्वी एका गोळीत भागत असे. आता दोन घेऊनही संध्याकाळी पुन्हा दुखू लागते, आणि अलीकडे सकाळी जाग येते तीच डोके धरून.

सासूबाईंच्या मते हे पित्त आहे, कारण उलटीत पिवळे पाणी पडते. डोळे तपासले, चष्म्याचा नंबर नाही. सायनसचा एक्स-रे काढला, तोही चांगला आला. मागील आठवड्यात एका डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल नावाची गोळी रोज घेण्यास लिहून दिली. ती रक्तदाबाची आणि हृदयाची गोळी आहे असे कळले आणि मला तर रक्तदाब नाही, म्हणून ती अद्याप सुरू केलेली नाही. हे पित्त की अर्धशिशी, डोक्याचे स्कॅन करावे का, आणि रोजच्या गोळीची सवय लागते का, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर: निवृत्त वैद्यकीय अध्यापक, सोलापूर

ताई, आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की निम्मे काम झाले आहे. प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान पक्के करता येत नाही, हे आधी सांगतो. मात्र एका बाजूचे ठणकणारे दुखणे, हालचालीने त्यात होणारी वाढ, मळमळ किंवा उलटी, उजेड आणि आवाज नकोसा होणे, आणि उपचार न केल्यास ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकणारा झटका, ही अर्धशिशीची ओळखीची लक्षणे आहेत आणि त्यांपैकी बहुतेक आपल्या पत्रात आहेत. रक्ताच्या कोणत्याही तपासणीत किंवा एक्स-रेमध्ये अर्धशिशी दिसत नाही. ती रुग्णाच्या सांगण्यावरूनच ओळखावी लागते, आणि म्हणूनच घाईच्या ओपीडीत ती वर्षानुवर्षे सायनस, चष्मा किंवा पित्त या नावांखाली राहून जाते.

पित्ताविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे हा समज घरोघरी आहे. झटका सुरू झाला की जठराची हालचाल मंदावते. अन्न पुढे सरकत नाही, मळमळ होते, आणि पोट रिकामे असेल तर उलटीत पिवळे पित्त पडते. म्हणजे उलटी हा डोक्यातील घडामोडींचा परिणाम आहे. अनेकांचा झटका उलटीनंतर ओसरू लागतो, त्यामुळे पित्त बाहेर पडले म्हणून डोके थांबले असे वाटणे स्वाभाविक आहे. सासूबाईंनी पाहिले ते खरेच आहे, कारण मात्र वेगळे आहे. याच गोष्टीचा एक व्यावहारिक परिणाम असा की जठर मंदावल्यानंतर घेतलेली वेदनाशामक गोळी तासन्‌तास तिथेच पडून राहते. म्हणून गोळी झटक्याच्या सुरुवातीलाच, पूर्ण मात्रेत आणि गरज असल्यास डॉक्टरांनी सांगितलेल्या उलटीच्या गोळीसोबत घ्यावी लागते. डोके फुटायची वेळ येईपर्यंत सोसून मग घेतलेल्या गोळीचा उपयोग बराच कमी होतो.

आता मूळ प्रश्न. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. वेदना जाणवते ती मेंदूवरील आवरणांना आणि तेथील रक्तवाहिन्यांना, आणि ती वाहून आणते चेहऱ्याची संवेदना सांभाळणारी ट्रायजेमिनल नस. अर्धशिशी असलेल्या व्यक्तीत ही यंत्रणा जन्मतःच, बहुधा आनुवंशिकतेने, लवकर चेतवली जाणारी असते. झटक्यात या नसेच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे द्रव्य स्रवते आणि वेदनेचे संदेश वाढवत नेते. हे कोडे उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ चे ब्रेन प्राइझ मिळाले, आणि याच द्रव्याला अडवणारी एरेनुमॅबसारखी इंजेक्शने २०१८ पासून उपलब्ध होऊ लागली. ती महाग आहेत आणि आपल्याला आज त्यांची गरज दिसत नाही. परंतु या आजाराला शरीरात ठोस आधार आहे, तो नाजूकपणा किंवा कामचुकारपणा नाही, हे घरी सांगता यावे म्हणून हे लिहिले. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो. पाळीच्या आसपास इस्ट्रोजेनची पातळी एकदम उतरते, हे त्यामागील एक मोठे कारण आहे. शेजारच्या कर्नाटकात बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांनी केलेल्या पाहणीत वर्षभरात सुमारे चारपैकी एका प्रौढाला अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले होते.

मला सर्वांत अधिक काळजी वाटली ती आपल्या गोळ्यांच्या उल्लेखाची. एकदा-दोनदा येणारी अर्धशिशी निम्मा महिना व्यापते, गोळीचा असर कमी होत जातो आणि पहाटे जाग येते ती दुखण्यानेच, तेव्हा वेदनाशामकांच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी जडली असल्याची शक्यता प्रथम विचारात घ्यावी लागते. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या (एकाच गोळीत अनेक औषधे) किंवा अर्गोटामिन, ट्रिप्टान ही अर्धशिशीवरची औषधे महिन्यातून १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतले गेल्यास ही अवस्था येऊ शकते. यात मोजायचे असतात ते गोळ्यांचे दिवस. रात्रीतून औषधाचा अंमल उतरतो आणि सकाळी डोके पुन्हा गोळी मागू लागते. यावर उपाय म्हणजे ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करणे. सुरुवातीचे काही दिवस, कधी आठवडा-दीड आठवडा, दुखणे वाढते, झोप उडते, मळमळ होते. हे आधीच माहीत असले तर माणूस टिकून राहतो. सीझनमध्ये हे जमणार नाही असे वाटत असेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. प्रतिबंधक औषध आधी सुरू करून मग गोळी कमी करत नेणे हाही मान्य मार्ग आहे.

प्रोप्रानोलॉल हे तसेच प्रतिबंधक औषध आहे. रक्तदाबाच्या अनेक औषधांपैकी काही अर्धशिशीचे झटके कमी करतात, आणि या औषधाचा असा वापर अनेक दशकांपासून होत आहे. ॲमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट आणि फ्लुनारिझिन हीदेखील याच कामासाठी दिली जातात, आणि प्रत्येकाची पथ्ये वेगळी असतात. रुग्णाला दमा असल्यास प्रोप्रानोलॉल चालत नाही, नाडी आधीच मंद असेल तर जपून द्यावे लागते, आणि सुरू केल्यावर मनाने एकदम बंद करायचे नसते. परंतु त्याचे व्यसन लागत नाही. उपयोग होतो की नाही हे ठरवण्यास सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडून दिलेली प्रतिबंधक औषधे मी रुग्णांच्या पिशव्यांतून इतकी पाहिली आहेत की हे वाक्य मी प्रत्येकाला दोनदा सांगत असे.

स्कॅनविषयी: जुनी, एकाच धाटणीची अर्धशिशी आणि मेंदू व नसांची साधी तपासणी व्यवस्थित असल्यास बहुधा स्कॅन लागत नाही. आपल्या दुखण्याचे स्वरूप बदलले आहे आणि ते सकाळी होते, म्हणून रक्तदाब मोजून आणि बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा एकदा अवश्य तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढताना ही तपासणी झालेली असेलच असे नाही. पडद्यावर सूज नसेल तर बरीच चिंता मिटते.

उत्तर: औषध दुकानदार, नवी पेठ

डॉक्टरसाहेबांनी गोळ्यांच्या दिवसांचा जो मुद्दा मांडला, त्याला जोडून लिहितो. अर्धशिशीची गोळी म्हणून काउंटरवर जी सर्रास मागितली जाते, तिच्यात बहुधा अर्गोटामिन, कॅफीन, पॅरासिटामॉल आणि उलटीवरचे प्रोक्लोरपेराझिन अशी चार औषधे एकत्र असतात. ताई, आपल्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचा. अर्गोटामिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाब आटोक्यात नाही किंवा ज्या गरोदर आहेत त्यांनी ते घेऊच नये. ते घेत असताना बोटे गार पडणे, मुंग्या येणे किंवा बधिर होणे अशी लक्षणे दिसल्यास गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावे. घशाच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन सुरू असेल तर अर्गोटामिन बरोबर घेणे धोक्याचे आहे, कारण त्यामुळे त्याचे रक्तातील प्रमाण फार वाढते. प्रोप्रानोलॉल सुरू करणार असाल तर ही मिश्र गोळी आपण घेत होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ही दोन औषधे एकत्र घेतल्यास हातापायांचा रक्तपुरवठा अधिकच कमी होऊ शकतो. सुमाट्रिप्टान, म्हणजे १९९१ पासून बाजारात आलेले खास अर्धशिशीवरचे औषध, डॉक्टरांनी दिले तर तेही अर्गोटामिननंतर २४ तासांच्या आत घ्यायचे नसते.

मिश्र गोळीतील कॅफीनही लक्षात घ्यावे. दिवसभरात कारखान्यात येणारा चहा आणि वर ही गोळी, असे मिळून कॅफीनची सवय होते, आणि रविवारी दोन्ही मिळाले नाही की डोके दुखते.

आमच्या व्यवसायातील माणसाने हे लिहावे याचे कोणाला आश्चर्य वाटेल. परंतु दर आठवड्याला तीच पट्टी न्यायला येणारा चेहरा आम्हाला पाठ असतो, आणि त्याला एकदा डॉक्टरांकडे जा असे सांगणे हे दुकानदाराचे कर्तव्यच आहे असे मी मानतो.

उत्तर: श्रद्धावान

आमच्या आईची अर्धशिशी सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाल्ल्याने गेली. सूर्य चढेल तसे डोके चढते, म्हणून उपाय सूर्य उगवण्याआधी करायचा असतो. एकदा करून पाहावे.

उत्तर: टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड

मला स्वतःला विशीपासून अर्धशिशी आहे आणि मी दिवसभर यंत्रमागांच्या आवाजात काम करतो, म्हणून अनुभवाचे लिहितो. दूध-जिलेबीने आजार गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मात्र सकाळी लवकर काहीतरी पोटात जाणे मला निश्चित मानवते, कारण उपाशी राहणे हे माझ्या झटक्याचे सर्वांत खात्रीचे निमित्त आहे. एकादशी आणि श्रावणी सोमवार या दोन्ही दिवशी दुपारी डोके हमखास उठत असे. आता उपवास सोडलेला नाही, पण सकाळी उठल्यावर दूध आणि फळ, दर तीन तासांनी शेंगदाण्याचा लाडू किंवा ताक, आणि पाणी ठरवून पिणे, एवढा बदल केला आहे. निर्जळी उपवास मात्र घरच्यांना सांगून बंद केला.

दुसरे निमित्त झोपेचे. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि आमच्या भागात ते कधी रात्री एकला तर कधी पहाटे चारला येते. पाणी भरून पुन्हा झोपायचे म्हटले तरी झोप लागत नाही. ज्या रात्री पाणी येते त्याच्या दुसऱ्या दिवशी माझे डोके दुखते, हे मला वहीवरून कळले. त्याआधी मी दोष उन्हाला देत होतो. घरात वाटणी करून घेतली, टाकीला फ्लोट बसवला, आणि सुट्टीच्या दिवशीही नेहमीच्याच वेळी उठू लागलो. सुट्टीची लांबलेली झोपसुद्धा झटका आणते.

वहीचे सांगतो. दोनशे पानी वहीत महिन्याला एक पान. पानावर उभी चार घरे: तारीख, दुखणे किती (थोडे, मध्यम, फार), गोळी कोणती घेतली, आणि आदल्या दिवसाविषयी दोन शब्द. «पाणी रात्री आले», «जेवण चारला», «लग्नात डीजे», «उन्हात मोटारसायकल» असे. गोळी घेतली त्या दिवसाला लाल पेनने गोल. महिनाअखेरीस लाल गोल मोजले की डॉक्टरांना सांगण्यासाठी आठवावे लागत नाही, आणि स्वतःचाही अंदाज चुकत नाही. बहिणींनी पाळीच्या तारखाही त्यातच लिहाव्यात.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा दुपारी बाहेर पडताना टोपी, गॉगल आणि पाण्याची बाटली याला पर्याय नाही. कोणतेही एक निमित्त दरवेळी झटका आणतेच असे नाही, हे समजायला मला वेळ लागला. मागावर ताणा आधीच जास्त ताणलेला असेल तर एरवी सहज निभावणाऱ्या झटक्यानेही धागा तुटतो. तसे रात्रीची झोप मोडलेली आणि त्यात जेवण टळलेले असले की साध्या अत्तराच्या वासानेही डोके उठते. त्यामुळे उन्हावर किंवा मशीनच्या आवाजावर आपला ताबा नसला तरी जेवण आणि झोप सांभाळली की पुष्कळ दिवस वाचतात. ताई, मालकांना सांगून खिडकीजवळचे टेबल आणि इस्त्रीपासून दूरची जागा मिळते का पाहा. आमच्याकडे कानात घालायचे बोळे मागितल्यावर मिळाले; तोपर्यंत कोणी मागितलेच नव्हते.

प्रश्नकर्तीचे उत्तर: गणवेश विभाग, जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. पट्टीवरचे घटक वाचले. दुकानदार दादांनी लिहिलेली चारही औषधे आहेत. कॅलेंडरवर आठवून खुणा केल्या तर गेल्या महिन्यात गोळीचे दिवस दहाच्या बरेच वर गेले. वही सुरू केली आहे. मला दमा नाही.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहायची राहिली. कधी कधी डोके दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकणारी नागमोडी रेघ दिसते, ती हळूहळू मोठी होत बाजूला सरकते आणि अर्ध्या तासात जाते. तेवढा वेळ लेबलवरची अक्षरे मध्येच तुटलेली दिसतात. तसेच धाकट्या मुलानंतर मी माला-डी घेत आहे. याचा काही संबंध आहे का?

उत्तर: निवृत्त वैद्यकीय अध्यापक, सोलापूर

ताई, संबंध आहे आणि तो महत्त्वाचा आहे. आपण वर्णन केलेल्या रेघेला ऑरा म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युत क्रियेची एक लाट मिनिटाला काही मिलिमीटर या संथ गतीने पसरते, तिच्या मागोमाग तेथील पेशी थोडा वेळ शांत होतात, आणि ही लाट दृष्टीच्या भागातून जात असताना अशी सरकणारी रेघ दिसते. ही लाट १९४४ मध्ये ब्राझीलचे संशोधक आरिस्टिडीस लियाओ यांनी प्रथम नोंदवली. ऑरा साधारण ५ ते ६० मिनिटांत पूर्ण ओसरतो आणि त्याने डोळ्याला इजा होत नाही.

मात्र ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रियांमध्ये पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा काहीसा अधिक असतो, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी तो आणखी वाढतो. माला-डीमध्ये इस्ट्रोजेन असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ऑरा असलेल्या स्त्रीने अशा गोळ्या घेऊ नयेत. तेव्हा याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, ऑराचा उल्लेख स्वतःहून करा, आणि तांबी किंवा केवळ प्रोजेस्टेरॉनवर आधारित साधन यांपैकी आपल्याला योग्य ते ठरवून घ्या. मधल्या काळात निरोध वापरावा. पुढे आणखी मूल हवे असल्यास तेही सांगा. टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट ही प्रतिबंधक औषधे गर्भाला अपायकारक असल्याने तो निर्णय आधी माहीत असावा लागतो. प्रोप्रानोलॉल लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही ऑरा आणि मिश्र गोळी या दोन्ही गोष्टी कळवा, आणि गोळी कशी बंद करायची हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

रेघ दिसू लागली की काम थांबवून बसा आणि गाडी चालवू नका. ऑरा तासाहून अधिक टिकला, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, क्षणार्धात कळस गाठणारी अशी डोकेदुखी झाली की जी पूर्वी कधीच झाली नव्हती, किंवा डोकेदुखीबरोबर ताप आणि ताठलेली मान असली, तर ती नेहमीची अर्धशिशी समजून गोळी घेत घरी थांबू नये. रात्रीची वेळ असली तरी सिव्हिलच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात लगेच जावे, आणि हे घरातील इतरांनाही आज सांगून ठेवावे.